मुलाखतीचा उन्हाळा

वैशाख लागला की आमच्या कॉलनीत दोन प्रकारची मुलं दिसू लागतात. एक, दिवसभर उन्हात हुंदडणारी. दुसरी, इस्त्रीचे कपडे घालून आई-वडिलांबरोबर कुठंतरी निघालेली. ही दुसरी मुलं मला लांबूनसुद्धा ओळखू येतात. चालताना ती ओठ हलवत असतात.

परवा शेजारची मुक्ता अशीच ओठ हलवत आली. तिचे वडील कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर आहेत. त्यांनी रजा घेतली होती, गाडी दारात सुरू करून ठेवली होती, आणि ऐन निघायच्या वेळी मुक्ताच्या पोटात कळ आली होती. एका निवासी शाळेत तिची मुलाखत होती. "आजी, तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत, हिला जरा समजवा," तिची आई म्हणाली. मी मुक्ताला जवळ बसवलं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, त्यांनी विचारलं की तुला इथं का यायचंय, तर काय सांगू? बाबा एक सांग म्हणतात, आई दुसरंच सांग म्हणते."

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही ना."

मी तिला कोकमचं सरबत दिलं. इतकी वर्षं शाळेत काढली, मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीतही पुष्कळदा बसले, पण दहा वर्षांच्या मुलीच्या त्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडं आजही नाही. गाडी गेली. मी व्हरांड्यात बसून राहिले आणि चव्वेचाळीस सालचा उन्हाळा माझ्यापाशी येऊन बसला.

त्या उन्हाळ्याचा रंग कोणता, असं कुणी विचारलं तर मी पिवळा म्हणेन. उन्हाचा नव्हे, हळदीचा.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, भिलवडी स्टेशनापासून चालत तासाभरावर. वडील पलटणीत हवालदार, लढाईवर गेलेले. घरी आई, मी आणि एक म्हैस. शेत वाट्यानं लावलेलं. आईला अक्षर येत नव्हतं. मला चौथीपर्यंतचं येत होतं, आणि गावातल्या आमच्या आळीला तेवढं पुरत होतं. आळीतल्या सात-आठ घरांतले पुरुष पलटणीत होते. पोस्टमन आला की त्या त्या घरची बाई पत्र घेऊन आमच्या लिंबाखाली यायची. मी वाचायची. मग ती सांगायची आणि मी उत्तर लिहायची. "श्रीमान अमुक यांचे चरणी अमुकचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की." माझ्या वयाच्या मुली भातुकली खेळत होत्या तेव्हा मी सात-आठ जणींचं नवऱ्याशी बोलायचं तोंड होते. हे तेव्हा मला कळत नव्हतं. मला फक्त एवढं कळायचं, की लिंबाखाली बसले की मोठ्या बायका माझ्या तोंडाकडं बघतात.

आईचा भाऊ, शंकरमामा, सांगलीत हळदीच्या पेढीवर तोलाईचं काम करायचा. ज्यांची पेढी ते अण्णा जैन होते, सावकाश बोलणारे, सूर्य मावळायच्या आत जेवून घेणारे. साताऱ्यात मुलींचं एक बोर्डिंग आहे, खेड्यातल्या मुलींना तिथं घेतात, हे मामाला त्यांनीच सांगितलं. मामानं अर्ज भरला. अर्ज भरला हे आम्हाला नंतर कळलं.

"आक्का, पोरीला चौथीनंतर काय करायचं? शेण्या थापायच्या?" मामा म्हणाला.

आई भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "तिला इचार की."

मामानं मला विचारलं. मी आईकडं बघितलं. आई तव्याकडं बघत होती. मी "व्हय" म्हणाले की "न्हाई" म्हणाले, ते आज मला खरंच आठवत नाही. एवढं आठवतं, की मामानं ते "व्हय" असं ऐकलं.

मग मुलाखतीची तारीख आली आणि माझं पोट बिघडलं. ते पुढं तीन आठवडे बिघडलेलंच होतं. सकाळी उठलं की पोटात कुणीतरी चिंधी पिळल्यासारखं व्हायचं. हाताचे तळवे ओले व्हायचे, ते मी परकराला पुसायची. आईनं ओवा दिला, हिंग लावलं, शेजारच्या काकूनं दृष्ट काढली. मला वाटायचं, मुलाखत म्हणजे कोर्टासारखं काहीतरी असणार. पिंजरा असणार. मी म्हशीपुढं उभी राहून पाठ केलेलं म्हणायची. "माझे नाव इंदू. मी चौथी पास आहे. मला शिक्षणाची आवड आहे." म्हैस रवंथ करत ऐकायची. ती कधी अडवायची नाही, म्हणून तिच्यापुढं सगळं सुरळीत व्हायचं. नदीच्या वाळूत टरबुजांचे मळे होते, तिथं राखणीला बसले की एकेका टरबुजाला मी एकेक साहेब समजायची आणि उत्तरं द्यायची. एवढं करूनही माणूस समोर आला की पहिलंच वाक्य घशात अडकायचं.

मामा म्हणाला, "हिला जरा सवय करायला पायजे," आणि मला सांगलीला घेऊन गेला.

अण्णांची पेढी आत गेल्या गेल्या पिवळी होती. भिंती पिवळ्या, पोती पिवळी, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. श्वास घेतला की घशाला हळद लागायची. अण्णा गादीवर बसले, चष्मा लावला आणि खोटे साहेब झाले.

"हं. नाव काय बाळ तुझं?"

"इंदू."

"वडील काय करतात?"

"लढाईवर हाईत," मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा काढला. "शंकर, हे असं नाही चालायचं. त्या बोर्डिंगच्या बाई खादीवाल्या. त्यांचा भाऊ चळवळीपायी तुरुंगात आहे. त्यांना सांगायचं, माझा बाप सरकारच्या पलटणीत आहे? शेती करतात म्हणून सांग की. खोटं कुठं आहे? शेत आहेच."

मामा हातातली पोत्याची सुतळी सोडून पुढं आला. "आवं अण्णा, पलटणीतल्या मानसांच्या पोरांना फी माफ हाय. न सांगून कसं भागंल? इंदे, तू लढाई म्हन."

"शेती म्हण, बाळ."

"लढाई."

दोघंही माझ्या भल्याचंच सांगत होते. दोघांचंही खरं होतं. त्या पिवळ्या खोलीत मी दोघांच्या मधे उभी होते आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की माझे वडील नक्की कोण आहेत हे मलाच ठाऊक नाही. त्यांना लढाईवर जाऊन तीन वर्षं झाली होती. पत्रात ते "मी खुशाल आहे" लिहायचे, आणि खाली दोन-तीन ओळींवर सरकारनं काळी शाई फासलेली असायची. गावात काही घरांत भूमिगत पोरं रात्री जेवून जायची आणि त्याच गावातल्या काही घरांत पलटणीची पत्रं यायची. एकाच घरात दोन्ही असायचं. आम्हा मुलांना कुणी काही समजावून सांगत नसे. कुणाचं नाव कुठं घ्यायचं नाही एवढं मात्र सगळ्यांना पाठ असे.

परत येताना मी पाहिलं, तर माझ्या नव्या परकराला बसल्या जागी हळदीचा मोठा डाग पडला होता. आईनं तो तीन वेळा धुतला. तो गेला नाही, फिका झाला.

साताऱ्याला आम्ही तिघं गेलो. आई येणार नव्हती. ऐनवेळी म्हैस काकूच्या हवाली करून निघाली. कोरेगावला आगगाडीतून उतरलो आणि तिथून मोटार. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली होती. चढ आला की ड्रायव्हर उतारूंना उतरवायचा, आणि आम्ही धुरातून मोटारीच्या मागं चालायचो. आईनं डोईवरचा पदर नाकाशी धरला होता. एका चढावर तिनं मला विचारलं, "पोटात दुखतंय व्हय अजून?"

"व्हय."

"माझ्याबी," ती म्हणाली.

एवढंच. पण मला बरं वाटलं. आजवर ज्यांनी ज्यांनी मला धीर दिला, त्यांत "घाबरू नकोस" म्हणणारे पुष्कळ होते. "माझ्याही पोटात दुखतंय" म्हणणारी तेवढी एकच. परवा मुक्ताला मी हे सांगायला हवं होतं. तिच्या आईनं सांगायला हवं होतं. मुलाला एकट्याला घाबरू देण्यापेक्षा बरोबर घाबरलेलं काय वाईट?

बोर्डिंग म्हणजे एक लांबट कौलारू इमारत, समोर शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात पन्नासेक मुली आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं. वर अजिंक्यताऱ्याचा कडा उन्हात तापलेला. मुलींच्या ओठांची हालचाल बघत मी बसले. सगळ्या पाठ करत होत्या. म्हसवडकडची एक मुलगी सिद्धनाथाचा अंगारा सारखा जिभेला लावत होती. तिनं मलाही दिला. मी घेतला.

माझं नाव पुकारलं. आत पिंजरा नव्हता. एक टेबल होतं. पलीकडं खादीच्या पांढऱ्या पातळातल्या बाई, आणि त्यांच्या शेजारी कमिटीवरचे एक पगडीवाले म्हातारे गृहस्थ.

"बस, बाळ," बाई म्हणाल्या.

मी उभीच राहिले. बसलं तर हळदीचा डाग दिसणार नाही आणि उभं राहिलं तर मागच्या माणसांना दिसेल, एवढा हिशोब मला तेव्हा उलटा सुचला.

"वडील काय करतात?" पगडीवाल्यांनी विचारलं.

तीन आठवडे मी दोन उत्तरं पाठ केली होती. दोन्ही एकदम दारात आली. "शेतीच्या लढाईवर हाईत," मी म्हणाले.

म्हातारे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढं काही विचारलंही नाही. एक कागद आणि दौत-टाक माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "वडिलांना एक पत्र लिही बघू. साताऱ्याला आलीस, काय बघितलंस, काय वाटलं. काहीही लिही."

आणि माझं पोट थांबलं. पत्र! पत्र तर मला येतं. मी खुर्चीवर बसले, टाक बुडवला आणि भराभर लिहीत गेले. हात चालू झाला की मला आजूबाजूचं काही दिसत नसे. पान भरलं. मी कागद फुंकून वाळवला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी वाचला. पुन्हा वाचला. मग मला म्हणाल्या, "इंदू, हे कुणाचं पत्र आहे?"

"माझं."

"वाचून दाखव."

मी वाचू लागले. "श्रीमान यांचे चरणी लक्ष्मीचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, इंदू साताऱ्यास आली आहे. ती भ्याली आहे पण दाखवत नाही. मोटारीचा धूर फार. ती गेल्यावर मला घर खायला उठेल, हे मी तिला सांगितलेले नाही. तुम्हीही तिला लिहू नका. तुम्ही आमची काळजी करू नये."

तिथं मी थांबले. लक्ष्मी हे माझ्या आईचं नाव.

सवयीनं हात आईचं पत्र लिहून मोकळा झाला होता. पानभर पत्रात मी कुठंच नव्हते. होते ती "इंदू" म्हणून, कुणीतरी लांबून बघितलेली.

"हे आईनं तुला सांगितलंय, घर खायला उठेल म्हणून?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग तुला कुठून कळलं?"

"म्हाईत न्हाई."

खरंच माहीत नव्हतं. मी ते लिहीपर्यंत मला ते ठाऊकच नव्हतं. आईला तसं वाटतं का, की मलाच तसं वाटतं आणि मी ते आईच्या नावावर घातलं, हे मला त्या खुर्चीत कळलं नाही. आजही पक्कं सांगता येणार नाही.

"आईला लिहिता-वाचता येतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग तू इथं आलीस तर वडिलांची पत्रं आईला कोण वाचून दाखवणार?"

मामानं, अण्णांनी, आळीतल्या बायकांनी, कुणीही हा प्रश्न मला विचारला नव्हता. मला रडू फुटलं. बाईंनी शिपायाला सांगून आईला आत बोलावलं. आई दाराशीच उभी राहिली, पदर सावरत. मी का रडतेय हे तिला कळेना. तिला वाटलं मी नापास झाले.

बाईंनी तिला तोच प्रश्न विचारला.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला इचारू नका, बाई. मला कायबी कळंना झालंय. ही जवळ पायजे, आन् ही हितंबी पायजे. दोनी कसं व्हायाचं ते तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या हाय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते मलाही नाही कळत," त्या म्हणाल्या.

पगडीवाले गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी खाकरून पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर मामानं अधीर होऊन विचारलं, "काय म्हनलीस? शेती का लढाई?" मी म्हणाले, "दोनी." मामानं कपाळावर हात मारून घेतला. यादी पोस्टानं येणार होती.

वाट बघण्याचे दिवस हे त्या उन्हाळ्यातले सगळ्यात लांब दिवस. पोट आता दुखत नव्हतं. दुसरंच काहीतरी होत होतं. रोज सकाळी मी देवाला सांगायची, माझं नाव लागू दे. दुपारी टरबुजाच्या मळ्यात बसून सांगायची, नको लागू दे. देवानं काय समजायचं? आईनं मला साताऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ती उन्हाळ्याची कामं उरकत राहिली. पापड झाले, सांडगे झाले, कुरडयांचा गहू भिजला.

कार्ड आलं त्या दिवशी आई अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. हातात सोऱ्या, बोटं गव्हाच्या चिकानं बरबटलेली. पोस्टमननं कार्ड माझ्या हातात दिलं आणि तो पुढं गेला.

मी उभ्यानं वाचलं. माझं नाव लागलं होतं. मृगाच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं, अंथरूण आणि एक पेटी आणायची होती.

"काय म्हंत्यात?" आईनं विचारलं. मान वर केली नाही.

मी का तसं म्हणाले, याचं उत्तर मी आयुष्यात वेगवेगळ्या वयात वेगवेगळं दिलंय. आईला खरंच काय हवंय ते मला एकदा बघायचं होतं, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले. आता वाटतं, इतका विचार मी केलाच नसेल. तोंडातून गेलं एवढंच.

"न्हाई घेतलं," मी म्हणाले.

आईचा हात थांबला नाही. तिनं हातातली कुरडई पुरी केली. "बरं," ती म्हणाली. मग दुसरी घातली, ती तुटली. तिसरी घातली, तीही तुटली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. पलटणीतल्या सात-आठ जणांची वाकडीतिकडी अक्षरं मला लागायची, पण आईचं तोंड लागेना. ते सुटल्याचं होतं की बुडाल्याचं, मला काही केल्या कळेना.

"मग त्यो परकर जपून ठेव," आई म्हणाली. "दिवाळीला हुईल." आणि तिचा आवाज मधेच फाटला.

"आय," मी म्हणाले, "घेतलंय. नाव लागलंय माझं. मी खोटं वाचलं."

आईनं आता वर पाहिलं. मला वाटलं ती मारणार. मी मार खायला तयारही झाले. ती उठली, सोऱ्या बाजेवर ठेवला, आणि अगदी हळू आवाजात तिनं मला विचारलं, "अशी किती पत्रं वाचलीस?"

त्या प्रश्नापुढं साताऱ्याचं टेबल काहीच नव्हतं.

तिनं हात धुतले. घरातून पत्र्याचा डबा आणला. त्यात वडिलांची तीन वर्षांची सगळी पत्रं होती. लिंबाखाली बसून तिनं तो माझ्यापुढं उघडला. "पयल्यापासनं वाच," ती म्हणाली. "बोट धरून वाच."

मी बोट धरून वाचत गेले. भर दुपार होती. अर्ध्या अंगणात कुरडयांचा चीक वाळून कडक होत होता. एकेक पत्र संपलं की आई मान हलवायची आणि पुढचं द्यायची. तिला बहुतेक पत्रं पाठ होती. मी एखादा शब्द इकडचा तिकडं केला तरी ती म्हणायची, "मागल्या बारीला असं नव्हतं." हिवाळ्यातल्या एका पत्राशी आले आणि माझं बोट थांबलं.

"काय झालं?"

"हितं एक ओळ गाळली हुती."

"वाच."

"डाव्या हातास थोडे लागले होते. आता बरे आहे. दोन बोटे वाकत नाहीत. कळवू नये असे मनात होते, पण कळवतो."

आई पुढं सरकली. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"का गाळलीस?"

"त्या दिशी मामा आला हुता. तू हसत हुतीस," मी म्हणाले. "लय दिसांनी हसत हुतीस."

पाडवा झाला, ऊस तुटून गेला, तरी नवऱ्याची दोन बोटं वाकत नाहीत हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं. दहा वर्षांच्या मुलीनं ठरवलं होतं, आईला किती कळावं आणि किती नाही. ते ठरवलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट आपण मोठ्या झालो असं वाटलं होतं.

मग तिनं पुढच्या पत्रातल्या काळ्या शाईवर बोट ठेवलं. "आन् हे?"

"ते सरकारनं पुसलंय. खरंच, आय."

"खरंच?"

"खरंच."

तिनं विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. डबा बंद करून ती उठली आणि वाळलेला चीक खरवडू लागली. संध्याकाळी तिनं शेजारच्या काकूला सांगितलं, "इंदीचं नाव लागलं साताऱ्याला." सांगताना ती हसली. मी आड उभी राहून ते हसू बघितलं. ते खरं होतं, पण सगळं नव्हतं.

मृगाच्या आठवड्यात मी साताऱ्याला गेले. पोचवायला मामा होता. आई स्टेशनापर्यंत आली, गाडी हलल्यावर उभी राहिली, आणि मी दिसेनाशी झाले तरी उभी असावी. मागं वळून बघायला खिडकीत जागा नव्हती.

लढाई संपल्यावर वडील परत आले. डाव्या हाताची दोन बोटं ताठच राहिली होती. त्यांना वाटलं होतं आई हात बघून रडेल. आईनं तो हात हातात घेतला, बोटं मोजल्यासारखी चाचपली आणि म्हणाली, "ठावं हाय मला." मी तेव्हा सुट्टीला घरी होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, म्हणजे रागानं नव्हे. मला तरी तसं वाटलं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. बोर्डिंगातला माझा पहिला पावसाळा. साताऱ्याचा पाऊस आमच्याकडच्यासारखा येऊन जाणारा नव्हता. तो बसून राहायचा. अंथरुणं ओलसर, भाकरी गार, चाळीस मुलींत मला एकही मैत्रीण नाही. मला ताप येत होता आणि मी रात्रंदिवस घरी जायचं म्हणत होते, मनातल्या मनात. बाईंनी सगळ्यांना घरी पत्र लिहायला बसवलं. मी लिहिलं, "मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. काळजी करू नये." पत्र कसं लिहायचं ते मला येतच होतं.

पंधरा दिवसांनी आईचं उत्तर आलं. अक्षर शाळेतल्या गुरुजींचं होतं, शब्द तिचे. मला तिनं कधी पत्र लिहिलं नव्हतं. आजवर तिची सगळी पत्रं मीच लिहिली होती, त्यामुळं तिचं पत्र येणं म्हणजे काय असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नमस्कार-चमत्कार काही नव्हता. म्हशीचं नव्हतं, पावसाचं नव्हतं. लिहिलं होतं:

"तुझे पत्र सकाळी गुरुजींकडनं वाचून घेतले. सांजच्याला परत तलाठ्याच्या बायकूकडनं वाचून घेतले. दोघंबी म्हंत्यात तू मजेत हाईस. आता तू सांग."

मी कागद घेऊन खिडकीपाशी बसले. "तीर्थरूप आईस" एवढं लिहिलं आणि पुढं काय लिहावं ते सुचेना. ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.